मागच्या चाकाची चौकशी

अनसिंग, ता. वाशीम, जि. अकोला
२४ एप्रिल १९७५

आदरणीय इंद्रभान मामाजींना देवमनचा सविनय जयभीम.

तुमची तब्येत चांगली असेल, मामींचे गुडघे यंदाच्या उन्हाळ्यात तरी त्यांचं ऐकत असतील, आणि अकोल्यात प्यायला पाणी मिळत असेल, असं धरून चालतो. माझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे डावा कोपर, उजवा गुडघा आणि कपाळ सोडून जे काही उरतं ते ठणठणीत आहे. पत्र लिहिण्यास विशेष कारण नाही. शाळेला परीक्षेनंतरची उसंत आहे, घरात मी एकटाच आहे, आणि एकट्या माणसाने भिंतीशी बोलण्यापेक्षा वडीलधाऱ्यांना पत्र लिहावं हे बरं.

तुमची भाची पंचफुला महिन्यापासून माहेरी आहे, हे तुमच्या कानावर आलंच असेल. ही सोयरीक तुम्हीच जुळवलीत, तेव्हा तिच्या जाण्याचं खरं कारणही तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं. सगळा दोष माझ्या सायकलीचा आहे. मी सायकल शिकलो बत्तिसाव्या वर्षी. त्या वयात माणूस शिकतो ते कायम थोडं कच्चंच राहतं. मी सरळ जात नाही. रस्त्याच्या या कडेची विचारपूस करून त्या कडेला जातो, आणि समोरून बैलगाडी आली की ती जिकडे वळेल तिकडेच मलाही वळावंसं वाटतं. (पोरं मला पाहून शाळेच्या पायऱ्यांवर चढून उभी राहतात. मी आजवर त्याला आदर समजत होतो.) तर एका बाजाराच्या दिवशी तिन्हीसांजेला मी असाच नालीत गेलो आणि नालीतच पडून सायकलीला चार शब्द सुनावत होतो. तेवढ्यात तुमच्या भाऊजींच्या गावचा पिठाच्या गिरणीवाला शालिग्राम तिथून गेला. मला उचलायला तो थांबला नाही, बातमी उचलली आणि मानोऱ्याची बस धरली. अनसिंगहून निघाली तेव्हा बातमीत मी नालीत पडलो होतो. मानोऱ्यात पोचेतो मी गात होतो, आणि पुढे गावात पोचली तेव्हा चौघांनी मला घरी आणून टाकलं होतं. दुसऱ्याच दिवशी तुमचे भाऊजी, म्हणजे आमचे सासरे ग्यानबाजी, दारात हजर. ते आमच्याकडे नुसतं पाणी प्याले, पेला उलटा ठेवला आणि लेकीला घेऊन गेले. मी काय सांगतो ते ऐकायला बस थांबणार नव्हती.

मामाजी, त्यांचा राग मी समजू शकतो. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्यांच्या वस्तीतली दारू त्यांनी एकट्याच्या हट्टानं बंद केली. स्वतःच्या थोरल्या भावाचं मडकं स्वतः फोडलं. त्यांचा मला अभिमान आहे, आणि हे मी गमतीनं लिहीत नाही. पण अशा माणसाचा जावई दारुडा ठरला तर त्याला कोणी वकील मिळत नाही. आणि घराचं म्हणाल तर घर खायला उठतं. भाकरी मला थापता येते. पण ती कशी झाली हे सांगणारं कोणी लागतं.

म्हणून मी असा विचार केला की जयंतीच्या दिवशी, त्यांचं सगळं गाव विहारासमोर जमलेलं असताना, आपण अनसिंगहून डोंगरातून सायकलवर थेट तिथं जाऊन उतरावं. प्यालेला माणूस डोंगरातून सायकल आणूच शकत नाही, त्यामुळे आपोआप सिद्ध होईल. (यात एक भोक होतं. न प्यालेला मीही ती आणू शकत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.)

तेराला पहाटे निघालो. तुम्ही त्या बाजूला उन्हाळ्यात गेला नसाल तर एकदा जा, मात्र पायी जा. डोंगर म्हणावेत असे ते डोंगर नाहीत, नुसती एकामागे एक उठलेली जमीन आहे. पण सायकलीला हे समजावून सांगता येत नाही. चढावर मी तिला नेत होतो आणि उतारावर ती मला नेत होती. ब्रेक होता, पण तो सल्ला दिल्यासारखा लागायचा. सगळ्या उतारांवर मोहाची झाडं, खाली फुलांचा सडा, आणि टोपल्या घेऊन वेचायला आलेल्या बायका-पोरं. सकाळच्या गार हवेत तो गोड वास असा काही पसरतो की श्वास घेतला तरी शील मोडल्यासारखं वाटतं. मी नाकाला रुमाल बांधून गेलो. वेचणाऱ्या बायकांनी मला देवीच्या लसीचा माणूस समजून पोरं झाडामागे दडवली.

मानोऱ्याच्या अलीकडच्या एका तांड्याजवळ बाभळीच्या काट्यानं मागची ट्यूब वीतभर फाडली. तिथल्या हेमसिंगनं मला बसवलं, पाणी दिलं, रात्री मोहाची फुलं घालून केलेली भाकरी वाढली. त्यात नशा नसते, आमची लेकरंसुद्धा खातात, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. मी ताट हातानं बाजूला सारलं. सासऱ्यांना तोंड दाखवायचं आहे, मोहाचं नावसुद्धा नको, असं म्हणून उपाशी झोपलो. इथपर्यंत माझं वागणं कुठल्याही धड्यात घालावं असं होतं.

आता ट्यूब नसली की आपल्याकडे टायरमध्ये गवत कोंबून गाडी ढकलतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण एप्रिलात गवत कुठलं? अंगणात मात्र मोहाची फुलं वाळत पडलेली, मऊ आणि हवी तितकी. हेमसिंग म्हणाला, "मास्तर, पायदळ जा ना. पाय तं पंचर नाही झाले तुमचे." पण मी शिकलेला माणूस. त्याच्याकडून टोपलंभर फुलं मागून घेतली. कोरडी फुलं टायरमध्ये नीट बसेनात म्हणून ती रात्रभर पाण्यात भिजत घातली, आणि सकाळी चांगली दाबून दाबून भरली. खायला नको म्हटलेली वस्तू मी चाकाला पोटभर वाढली, हे माझ्या डोक्यात त्या वेळी शिरलंच नाही. रुमाल तेवढा परत नाकाला बांधला.

त्या दिवशीचं ऊन तुम्हाला काय सांगू! वर ऊन, खाली तापलेला दगड, आणि मध्ये चाकात भिजलेला मोह गोल गोल फिरून घुसळला जातोय. दुपारी गावाच्या शिवेत आलो तेव्हा माझ्यामागे सात-आठ बकऱ्या आणि एक कुत्रा होता. मला वाटलं, सणाच्या दिवशी जनावरंही आनंदात आहेत. विहारासमोर पांढऱ्या कपड्यांत सगळी मंडळी बसलेली, पंचशील चाललेलं, आणि नेमकं पाचवं, नशा न करण्याचं शील म्हणायच्या वेळी मी सायकल लिंबाला टेकवली. ते शील गावानं त्या दिवशी नाक वर करून म्हटलं. मी रुमाल सोडला आणि मलाही कळलं. व्हॉल्व्हच्या भोकातून फेस येत होता आणि एक बकरी तो चाटत होती.

ग्यानबाजींनी वंदना संपेपर्यंत मान वळवली नाही. मग जवळ आले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. हळूच म्हणाले, "जावाईबापू, तुमचं मी आयकून घेतो; पन ह्या वासाचं का करू?" मी चाकाकडे बोट दाखवलं. शालिग्राम म्हणाला की आरोपी नेहमी दुसऱ्याकडेच बोट दाखवतो. तेवढ्यात बायकांतून पंचफुला उठली, भरल्या मंडळींत पुढे आली आणि म्हणाली, "बाबा, हे सायकल अशीच चालोतात. पेले असते तं एखांद वक्ती सिदे तरी आले असते."

लोक हसले. माझ्या बाजूनं त्या दिवशी दिली गेलेली साक्ष ही एवढीच. पण लोक हसले की पुढाऱ्यांना समिती नेमावी लागते. तिघांची समिती झाली, शालिग्राम अध्यक्ष. प्रश्न असा, की दारू चाकानं प्याली तर ती मालकानं प्याली असं धरावं की नाही. एक जण म्हणाला, माणूस कोरडा आहे, चाकाला शिक्षा करा. शालिग्रामचं म्हणणं, आज जे चाकात आहे ते उद्या पोटात जाईल. शेवटी पुरावा म्हणून मागचं चाक काढून ग्यानबाजींच्या गोठ्यात टांगावं आणि निकाल संध्याकाळी द्यावा असं ठरलं. मी मधल्या वेळेत व्यसनांवर पाठ करून आणलेलं भाषण दिलं. सगळ्यांनी फार बारकाईनं ऐकलं, माझी जीभ अडखळते का हे पाहायला.

संध्याकाळी समिती गोठ्यात गेली तर टायर लोंबत होतं, मोह संपला होता, आणि ग्यानबाजींचा लाडका बैल खांबाला गाल लावून उभा होता. हाक मारली तर तो चारी पायांनी चार दिशांना निघाला आणि समितीच्या अध्यक्षांच्या खांद्यावर मान टाकून सुस्कारला. गावानं ताबडतोब एकमतानं ठरवलं की बैलाला ऊन लागलं. त्याच्या डोक्यावर ओलं पोतं घातलं, कांदा फोडून नाकाशी धरला, सासूबाईंनी दृष्ट काढली. मोह खाल्ला बैलानं, तर त्याला ऊन लागलं. ऊन खाल्लं मी, तर मला मोह चढला. बैलाच्या तोंडाचा वास घ्यायची सूचना मी केली, ती अध्यक्षांनी अप्रस्तुत ठरवली.

निकाल असा लागला की पुरावा नष्ट झाल्यामुळे जावई निर्दोष ठरत नाही आणि दोषीही ठरत नाही, सबब मुलगी तूर्त इथंच राहील. मी सायकल तिथंच ठेवून बसनं परत आलो. निघताना पंचफुलानं दारातून भाकरीची फडकी दिली. चार माणसं होती, त्यामुळे बोलणं झालं नाही.

असो. सर्व क्षेम आहे. मामींना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

आपला नम्र,
देवमन

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. घराण्यातल्या एखाद्या वजनदार माणसानं माझी हमी घेतली तर मुलगी पाठवू, असं ग्यानबाजी म्हणाले, आणि त्यांनी स्वतःहून तुमचंच नाव घेतलं. तेव्हा हातचं काम टाकून पुढच्या बसनं यावं. मी मानोऱ्याच्या स्टँडवर उभा राहतो.

ता. क. दुसरा : येण्याआधी, खोकल्यासाठी तुम्ही अकोल्यात जे औषध संध्याकाळी घेता, ते कृपया चार दिवस बंद ठेवावं. त्या गावात सध्या सगळ्यांचंच नाक तयार झालं आहे.

ता. क. तिसरा : पाकिटाला डिंक लावत होतो तोच दारात पंचफुला उभी. बसनं आली, एकटी, सायकल टपावर टाकून, मागच्या चाकात नवी ट्यूब घालून. मी आनंदानं उठलो आणि पहिलाच प्रश्न विचारला की बाबांनी परवानगी कशी दिली, समितीचं काय ठरलं. (मामाजी, इतका मूर्ख प्रश्न मी नालीत पडलेला असतानाही विचारला नव्हता.) तिनं वरचं सगळं पत्र उभ्या उभ्या वाचलं. म्हणाली, "समितीनं इचारलं, बाबानं इचारलं, तुमीबी आता मामाले इचारून राह्यले. मले कोनं इचारलं? मी माहेरी गेली नोती, मले नेलं होतं. आता आली थे माह्या मनानं आली."

तेव्हा हमीसाठी यायचं कारण उरलेलं नाही, औषध चालू ठेवावं. फक्त ती इथं आली आहे हे ग्यानबाजींना अजून ठाऊक नाही. तेवढं त्यांना तुम्ही सांगा. माझी छाती होत नाही, आणि ती म्हणते, तिला सांगायची गरज वाटत नाही.