जेवताना वाचायचं पत्र

१२ मार्च

चि. शेंडेफळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आठवडाभर आंघोळ नाही, गादीला तुझा आकार पडलाय, शेजारणीने दार वाजवलं तर तू पलंगाखाली लपलास, हे सगळं घरच्या रीतीप्रमाणे जेवताना मोठ्याने वाचलं. ह्यांना ठसका लागला. बाबांनी पलंगाचा भाग दोनदा वाचायला लावला. आई गेल्यापासून ते असे हसले नव्हते रे.

पुढचं लवकर धाड, लांबलचक लिही. त्यांना तेवढंच औषध लागू पडतं.

माया आहे, ती वाढो.
ताई

१९ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

हे आधी एकटीने वाच. पलंगाखालचं खरं आहे. दुपारभर तिथेच होतो, बाहेर यायचं बळ नव्हतं.

शनिवारी माझ्या विनोदी कार्यक्रमात ठरवून सांगितलं, की मला जगावंसं वाटत नाही. लोक पोट धरून हसले. थट्टा करत नाहीये म्हटलं, तर टाळ्या पडल्या. आता थिएटरच्या मालकांना रोज शेवटी तेच हवंय.

डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी मला ओळखलं आणि माझं तोंड सवयीने सुरू झालं. पाच मिनिटांत ते डोळे पुसत होते. चिठ्ठी न घेताच परतलो. त्यांचा दोष नाही. गप्प बसलो तर समोरच्याला काय दिसेल, याची भीती वाटते गं.

बाबांना कळू देऊ नकोस. हसतायत तर हसू देत.

राग धरू नये.
तुझा धाकटा

२२ मार्च

चि. शेंडेफळास आशीर्वाद.

न्हाणीघरात कडी लावून वाचलं. डॉक्टरांच्या प्रसंगापाशी मलाही हसू फुटलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

बाहेर आले तर बाबा पत्रासाठी जेवायचे थांबलेले. मी मनाने काहीबाही रचून वाचू लागले. दोन ओळींतच त्यांनी अडवलं, म्हणाले हे त्याचं नाही. कागद हातातून घेऊन स्वतः वाचला. मागचंही पत्र मागितलं, पलंगाचा भाग काढला आणि बराच वेळ तिथेच थांबले. ताट तसंच राहिलं.

शेजारणीला तार केली आहे, त्या तुझ्याजवळ बसतील. त्यांना दार उघड. मी आणि बाबा सकाळच्या गाडीने निघतोय; हे पत्र आज रात्रीच्या गाडीने तिकडे जाणाऱ्याच्या हाती देतेय, आमच्या आधी पोचेल. डॉक्टरांशी मी बोलेन, तू नुसता शेजारी बस. खालच्या ओळी बाबांच्या हातच्या.

जपून राहा.
ताई

बाळ, मी आलो की काही बोलू नकोस. बोललास तरी मी हसणार नाही.