शेवाळ खाणाऱ्या माशांची जागा

तीर्थरूप आईस,
पाया पडते. मी बरी आहे आणि दोन वेळा नीट जेवते, तेव्हा काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

उथळ पाण्यातल्या खडकांवर शेवाळ खाणारे मासे मोजायचं माझं काम तुला ठाऊकच आहे. वर्षभर रोज पाण्यात उतरून मी त्यांची भीती घालवली. शेळ्यांसारखे अगदी हाताशी येऊन चरायचे. ती जागा मी फक्त खोलीतल्या मैत्रिणीला दाखवली होती.

आई, तिने केसाने गळा कापला. गेल्या आठवड्यात ती तिच्या भावाला आणि त्याच्या मित्रांना भाले घेऊन तिथे घेऊन गेली. मासे पळालेच नाहीत गं. मीच आले असं समजून उलट जवळ गेले.

जाब विचारला तर म्हणते, "मासेच तर होते! एवढं काय मनाला लावून घेतेस?"

मी खोली बदलली. नवी खोली हवेशीर आहे, शेजारीणही बोलकी आहे. मी मात्र तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलते.

काल पुन्हा पाण्यात उतरले. सातच उरलेत. त्यातला एक माझ्याजवळ आला, तेव्हा मी जोरात पाणी ढवळून त्याला हुसकावून लावलं. आता ते मला पाहून पळेपर्यंत रोज हेच करणार आहे.

तुझी,
धाकटी