आईंचा चार्ज

तीर्थस्वरूप ताईंना घाईतला, पण मनापासून नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? इकडे तुमच्या आई, तुमचे भाऊ आणि मी, तिघंही ठणठणीत.

तुमचं पत्र मिळालं. ‘सुनेला वेळ नाही, रविवारी आईला न्यायला येते,’ हे वाचून मला राग आला, तेवढं आधी सांगून टाकते. अहो, मी सर्जरी वॉर्डची सिस्टर. वॉर्डभर पेशंट आणि आम्ही तिघी, तरी कोणाची गोळी चुकत नाही. तीच शिस्त मी घरी आणलीय. वॉर्डात पाळी बदलताना आम्ही चार्ज देतो, म्हणजे कोणाला काय द्यायचं ते तोंडी सांगायचं आणि समोरच्याने जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. सकाळी निघताना आईंचा चार्ज मी तुमच्या भावाला देते, संध्याकाळी छापखान्यात जाताना ते मला देतात. (आधी लाजायचे. आता आई मध्ये बोलल्या तर ‘पेशंटने गप्प बसायचं’ म्हणतात.) घर घड्याळासारखं चालतं. हे ऐकून मेट्रनबाईंनी मला इन्चार्ज करायचं ठरवलंय. लाजायचं कशाला, मला माझा अभिमान वाटतो.

आता मंगळवारचं. आई फोनवर सांगतीलच, त्यापेक्षा मीच सांगते. त्या दिवशी वॉर्डातल्या एका आजींचं ऑपरेशन होतं आणि माझं चित्त तिकडेच. दारात चार्ज देताना बोलून गेले की तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, बोलावणं आलं की न्यायचं. तुमच्या भावाने अक्षर न गाळता म्हणून दाखवलं. (एरवी अर्धं ऐकणारा माणूस!) तिकडे मी सर्जनना त्या आजींबद्दल सांगितलं की या ताटातली भाजी वेचून बाजूला काढतात आणि लेकीचा फोन आला की तासभर फुगून बसतात. हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळवायचं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी फोन कोणी उचलेना आणि ऑपरेशन उरकेपर्यंत मला हलता येईना. धापा टाकत पोचले तर आई वेणीफणी करून अंथरुणात, बॅग भरलेली, आणि तुमचे भाऊ पांढरेफटक. त्यांनीही दिवसभर पाण्याचा घोट घेतला नव्हता. चूक माझीच, पण पद्धत बघा किती पक्की, चूकसुद्धा तंतोतंत पाळली गेली.

तुमची भावजय

ता. क. रविवारी न्यायला येऊ नका. इन्चार्ज होणार हे मी आधी आईंना सांगितलं, तुमच्या भावाला नंतर. मला त्या इथेच हव्यात.

आणखी एक ता. क. मी आई लिहितेय. पाकीट मीच चिकटवणार, त्यामुळे हिला कळायचं नाही. अगं, मी कसली उपाशी राहतेय? उशीखाली बिस्किटं असतात. तो तोंड फिरवून डोळे पुसायचा तेवढ्यात एकेक खाल्लं. बोलले नाही, कारण तो दिवसभर माझा हात धरून बसला होता. लहानपणानंतर पहिल्यांदाच. मी काही तुझ्याकडे येत नाही. हिच्या वॉर्डात पुढचं ऑपरेशन कधी आहे, तेवढं हिच्याकडून गोड बोलून काढून घे.