पाहुण्यानं दिलेली बोडी

९ जुलै

आमच्या बुढ्याचा, म्हणजे नवऱ्याचा, गुडघा कसा? सुजलेलाच आहे, पण तोंड ठणठणीत. रीनाचा खोकला? नागपुरात औषध घेतलं म्हणते, फोनवर तर ऐकू आला नाही. कपिला गाय? दूध चोरते, बाकी बरी. माझी कंबर? विचारू नको! आणि मोबाईलातल्या कोंबड्या? अकराच्या अकरा खुशाल!

हसू नको रे कागदा. साठीनंतर माणसाला एखादा खेळ पाहिजे. रीनानं, माझ्या लेकीनं, हा शेतीचा खेळ फोनात घालून दिला. आपल्या शेतात पेरायचं, पाणी द्यायचं, दुसऱ्यांच्या शेतात फिरून यायचं. बियाण्याच्या थैलीचे एकोणतीस रुपये तेवढे मी माझ्या कार्डावरून भरले. बुढ्याला तिनं आपला जुना फोन दिला आहे भजनं ऐकायला. त्यातही खातं माझंच टाकलं, कार्डासकट— त्याला कुठं त्यातलं काय कळते!

बुढा म्हणतो, "मोबाईलातल्या धानाचा भात शिजते का वो, रुखमे?"

"अन् तुमच्या भजनानं गुडघा बरा होते का?" मी म्हटलं.

आज मात्र नवल झालं. माझ्या शेतात रोज येऊन पाणी घालणारा एक जण आहे. नाव नाही, नुसतं 'गेस्ट ४१२'. मी त्याला पाहुणा म्हणते. त्यानं आज म्हैस भेट दिली! ना ओळख ना पाळख!

१२ जुलै

धानाची रोवणी. दिवसभर चिखलात. फोन घरी, बुढाही घरी गुडघा धरून. सांजच्याला फोन उघडते तर काय— पाहुण्यानं बोडी दिली! इवलंसं तळंच, निळंशार पाणी, काठाला कमळं. आमच्या शेताला, धानाच्या बांधीला लागून अशी एक लहानशी बोडी खोदावी, मग धानाला पाण्याची ददात नाही, हे मी लग्न झाल्यापासून म्हणते आहे. बुढा दरसाल म्हणतो, "पुढच्या साली खोदू." चाळीस 'पुढची सालं' गेली. आणि त्या परक्या माणसाला कसं कळलं असेल?

बुढ्याला दाखवली. फोन जवळ धरून पाहिली. म्हणाला, "पानी चांगलं हाये."

१ ऑगस्ट

चोरी! पासबुक छापून आणलं. त्या खेळाच्या कंपनीनं माझ्या खात्यातून पैसे ओढले. बियाण्याचे सोडून वर आणखी सात वेळा! बाराशे एकोणपन्नास रुपये! भाजी विकून जमवलेले! मेसेज येत होते म्हणे— इंग्रजीतले, कोण वाचते!

बुढा तर माझ्याहून पेटला. "हात झडो त्या चोराचे! सोडू नको त्याले, रुखमे. मी येतो संगं."

४ ऑगस्ट

मोहाडीला बँकेत. बुढा लंगडत, मी तरातरा. तिथं अश्विन नावाचे नवे साहेब आहेत. म्हणाले, "आजी, कंपनी बाहेर देशची हाये, ओटीपी मागत नाही. तुमचंच बोट लागलं असंल कुठं."

मी पिशवीतून ही रोजनिशी काढली. "बारा जुलैलाही पैसे गेले. त्या दिवसाचं वाचा, साहेब. मी बांधीत, फोन घरी. भुतानं दाबलं का?"

बुढा मागून बोलला, "वाचा, वाचा! तिनं भाजीत मीठ कमी पडलं तं तेबी लिवून ठेवलं असंल."

साहेबांनी वाचलं. मग म्हणाले, "आजी, असा पुरावा घेऊन इथं कोणीच आलं नाही." तक्रारीचा फॉर्म भरला, कार्ड बंद केलं. "ते एकोणतीसबी टाकून देऊ का? सगळेच परत येतील."

"नाही जी. ते मीच भरले. खोट्याच्या कपाळी गोटा."

साहेबांनी सवयीनं अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं सरकवला. मी त्यांच्याच खिशातला पेन मागितला. रुखमा कवडू सेलोकर— उकार-मात्रेसकट! रीनाच्या पाटीवर तिच्यासोबत गिरवलेली अक्षरं, आज कामी आली.

१९ ऑगस्ट

पाहुणा येतो, पाणी घालतो, पण भेट देत नाही. रुसला वाटते.

११ सप्टेंबर

जिंकले! जिंकले! बाराशे एकोणपन्नास, पैन् पै परत! अश्विन साहेबांचा फोन आला, "आजी, तुम्ही कंपनीले हरवलं!"

बचत गटाच्या बाया घरी आल्या. तुळसा म्हणाली, "वकिलीणबाई, माह्या जावयावर बी एक केस टाकून दे वो!" हसून हसून कंबर गेली. बुढ्यानं चौकातून गरम आलुबोंडे आणले, सगळ्यांना वाटले. तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "चोराची कशी जिरली!"

अख्ख्या करडी गावात आज माझीच गोष्ट. अडाणी म्हणणाऱ्यांनो, ऐका!

१४ सप्टेंबर

सकाळी खेळ उघडेना. लाल अक्षरं. रीनाला फोटो धाडला. ती म्हणाली, "आई, बँकेतून पैसे परत घेतले ना, म्हणून त्यांनी तुझं खातंच बंद केलं. शेत गेलं तुझं."

म्हैस गेली. कोंबड्या गेल्या. बोडी गेली. गेली तर गेली! हक्काचं मागितलं, भीक नाही मागितली. मान ताठच आहे.

फक्त पाहुण्याला एक राम राम करायचा राहिला.

१५ सप्टेंबर

बुढा आपला फोन घेऊन चुलीपाशी आला. "रुखमे, हे पाह्य वो. माह्या शेतात काहून जाता येऊन नाही राहिलं?"

"तुमचं कोणतं शेत?"

लाल अक्षरं. खाली नाव— गेस्ट ४१२.

"रीनानं फोन देला तवाचा हा खेळ हाये त्यात. हिरवं बटन दाबलं का भेट जाते तुह्याकडे. फुकट हाये ना ते?"

मागची पानं उलटली, पासबुकाशी ताडली. म्हैस नऊ जुलै, पैसे नऊ जुलै. बोडी बारा, पैसे बारा. सारं माझ्याच अक्षरात! हात झडो म्हणाला होता— देवा, ऐकलं असशील तर विसरून जा.

कंपनीला लिहिते आहे, इंग्रजी रीना करेल: चोर नव्हता, नवरा होता. पैसे सगळेच्या सगळे परत घ्या. म्हैस ठेवा, कोंबड्या ठेवा, बोडी तेवढी द्या. उत्तर लवकर धाडा— पाहुणा ओसरीत बसून आहे.