थुंकली, म्हणजे जमलं

आई, गेल्या मंगळवारी सकाळी आपल्याकडे बाळंतपण झालं. आपल्याकडे म्हणजे वेल्सच्या सीमेजवळच्या आमच्या सात एकरांत, आणि बाळंतीण म्हणजे एक तपकिरी अल्पाका, ते लांब मानेचं, लोकरीचं जनावर. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, त्यामुळे आधी हे सांगायला हवं की मी रिटायर झालो, ब्रॅकनेलचं घर विकलं आणि तुझ्या सुनेला घेऊन इथे अल्पाकांची पैदास करायला आलो. तू चष्म्यावरून बघून विचारशील, "हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं कोणी?" तूच घातलंस. तुला पत्ताही नाही.

ब्रॅकनेलला तू एकदाच आलीस, सहा महिन्यांसाठी. मी आणि ही ऑफिसला, मुलगी शाळेत, आणि तू किचनमध्ये पुसलेलेच डबे पुन्हा पुसत बसलेली. इतकी वर्षं मुख्याध्यापिका होतीस, तुझ्या एका आवाजावर अख्खी शाळा रांगेत उभी राहायची. त्या रांगेत मीही असायचो आणि फाटकातून आत शिरलो की तुला 'बाई' म्हणायचो. घरी आल्यावरही कधीकधी तोंडातून बाईच निघायचं, आणि तू तशीच 'ओ' द्यायचीस. ब्रॅकनेलला मी रोज संध्याकाळी विचारायचो, "कंटाळलीस का गं?" तू म्हणायचीस, "मी काय लहान आहे?" की विषय संपला. तुला इथे काय दाखवावं, कशाने बरं वाटेल, मला काही सुचत नव्हतं.

मग तो शनिवार. आपण गावाबाहेरच्या फार्म शॉपमध्ये बटाटे आणायला गेलोय. पिशव्या गाडीत ठेवून मी वळतो तर तू जागेवर नाहीस. दुकानामागच्या कुंपणापाशी उभी आहेस, साडीवर माझं जुनं जॅकेट, पायात मोजे आणि सँडल, आणि तुझ्यासमोर पाच लांबलचक माना. त्यातला एक शेजारच्या अल्पाकावर थुंकतो आणि थोडं तुझ्या बाहीवर उडतं. मी धावत येतो. तू बोट उगारून त्याला दटावतेस, "मॅनर्स! स्टँड प्रॉपरली!" आणि तो खरंच कान ताठ करून उभा राहतो. मग तू हसलीस. पदर तोंडाला लावून, खांदे गदगदा हलेपर्यंत हसलीस. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो, आणि तुला असं हसताना पहिल्यांदा बघत होतो.

पुढचे सगळे शनिवार आपण तिथेच. तिथल्या म्हाताऱ्या इंग्लिश मालकीणबाईंनी तुझ्या हाती चाऱ्याची बादली दिली आणि तुझी शाळा पुन्हा सुरू झाली. अल्पाका तोंड मिटून गुणगुणतात, तशी तूही त्यांच्याशी गुणगुणायचीस. मी गाडीपाशी उभा राहून बघत राहायचो. रिटायर झाल्यावर ऑफिसातल्या लोकांनी विचारलं, आता काय करणार? मी पटकन म्हणालो, अल्पाका पाळणार. मलाच माझं नवल वाटलं. ही म्हणाली, "अहो, आधी स्वतःचे गुडघे बघा!" आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून अल्पाकांवरची तीन पुस्तकं घेऊन आली.

तीन माद्या आणल्या. नर शेजारच्या शेतकरीणबाईंचा. मादी गाभण आहे का हे बघायची रीत ऐक: दोनेक आठवड्यांनी नराला पुन्हा तिच्यासमोर आणायचं. ती त्याच्यासाठी खाली बसली तर गाभण राहिलेली नाही. त्याच्या तोंडावर थुंकून पळाली, तर जमलं. पहिल्या खेपेला तिघीही शहाण्यासारख्या बसल्या. दुसऱ्या खेपेला दोघी बसल्या, आम्ही तोंड पाडून उभे, आणि तेवढ्यात तपकिरीने मान मागे घेऊन जी पिंक टाकली ती नराला, हिला आणि मला, तिघांनाही लागली. तुझी सून हिरव्या चेहऱ्याने नाचायला लागली, "थुंकली हो, थुंकली!"

त्यानंतर साडेअकरा महिने. मंगळवारी चहा हातात असतानाच नाक दिसलं, मग एक पाय. दुसरा येईना. व्हेटला फोन केला, त्यांना यायला तास लागणार होता. शेजारच्या बाई आल्या, कोपरापर्यंत हात धुतले, आत चाचपून म्हणाल्या, "पाय मागे दुमडलाय," आणि तो हलकेच पुढे आणला. मी तपकिरीची मान धरून बसलो होतो आणि भीतीने तिच्या कानात गुणगुणत होतो. पाच मिनिटांत ओलं, लांब, नुसते पायच पाय असलेलं पिल्लू गवतावर. तीनदा पडलं, चौथ्यांदा उभं राहिलं. स्टॅनमोरहून सुट्टी काढून आलेली तुझी नात ओरडली, "बाबा, ती उभा राहिला!" तू तिथल्या तिथे तिचं लिंग सुधारलं असतंस. आम्ही तिघं मात्र रडत-हसत एकमेकांना मिठ्या मारत होतो, चिखलासकट.

इथे अल्पाकाच्या पिल्लाला 'क्रिया' म्हणतात. जन्मभर मुलांकडून क्रियापदं घोकून घेतलीस ना? आता आमच्या कुरणात एक क्रिया चार पायांवर उधळत असते. संध्याकाळी तर ती वेड्यासारखी गोल गोल पळते आणि तिची आई मागून हाका मारते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, म्हणून एवढं लिहून टाकतो. त्या फार्मवरची एक मादी गाभण होती. तू घरी परत जायच्या आधी मला विचारलंस, "तिकीट महिनाभर पुढे ढकलता येईल का रे? पिल्लू बघून जाईन म्हणते." तू माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. ऑफिसात कामाची घाई होती. संध्याकाळी मी सांगितलं, "नाही गं, विमान कंपनीला फोन केला, ते तिकीट बदलत नाहीत." तू म्हणालीस, "बरं."

मी फोन केलाच नव्हता, आई.