कावळे उठत नाहीत

जयगडची खाडी
१८ जानेवारी १९३४

प्रिय लवू,

"पाखरां उठली की आपन उठायचां, पान्याची वाट बघायची नाय." गंगामावशीचं हे वाक्य तुला आठवतं ना? आई गेल्यावर तिनंच आपल्या दोघांना वाढवलं. सुकतीला पाणी मागे हटलं की ती चिखलातल्या शिंपल्या, मुळे, काढायला जायची आणि आपल्याला शेजारी बसवायची. कंबरेत वाकलेल्या बाईला भरती दिसत नाही. ती मागच्या चरातून गुपचूप येते. पण पाण्याच्या काठाशी चरणारी पाखरं, ते लांब वाकड्या चोचीचे आणि ते मुठीएवढे तुतवार, पाणी वळलं की एकदम उठायची. त्या पंखांच्या आवाजासरशी सगळ्या बाया पाठी सरळ करायच्या. तू तेवढा बसून राहायचास, आणि मावशी म्हणायची, "ऊठ रे मेल्या, पाखरांना अक्कल हाय, तुला नाय."

खाडीवरच्या बांधाचं काम तुला मिळालं तेव्हा मी आळीत साखर वाटली. खाजणाच्या खाऱ्या जमिनीत भात पिकेल, पुरुषांना मुंबई गाठावी लागणार नाही, हे तुझं म्हणणं मला आजही खोटं वाटत नाही. काठची तिवरं तुटली, कामकऱ्यांच्या झोपड्या उठल्या, दिवसभर हाका, कुदळी, कुत्री. वाकड्या चोचीचे आधी गेले. त्यांना माणसाची सावलीही सोसत नाही. मग भरतीच्या वेळी टेकायला झाड उरलं नाही म्हणून तुतवार गेले. त्यांच्या जागी कावळे आले, झोपड्यांच्या खरकट्यावर. इतके, की लांबून चिखल पूर्वीसारखाच भरलेला दिसायचा.

मावशी पाय घसरून बुडाली, असं मी तुला रत्नागिरीला कळवलं होतं. ते खरं नव्हतं. त्या रविवारी शाळेला सुट्टी म्हणून मी तिच्याबरोबर गेले होते. तिची नजर अधू झालेली. वाकल्या वाकल्या तिनं विचारलं, "मालन, पाखरां बसलीत गो?" मी मान वर केली. काळं काळं बसलेलं दिसलं. मी म्हटलं, "बसलीत गो." पाणी वळलं म्हणून कावळे उठत नाहीत, हे मला तेव्हा सुचलं नाही. पाणी चढलं तेव्हा शेजारच्या हौसानं मला केसांना धरून बाहेर ओढलं. मावशी चराच्या पलीकडे होती.

तेरावा झाल्यावर आम्ही पुन्हा उतरलो, पोटं आहेत. त्या दिवशी कावळेसुद्धा नव्हते. इतकं शांत की चिखलातले बुडबुडे फुटताना ऐकू येत होते. आणि एकाएकी पंखांचा आवाज उठला, शेकडो पंखांचा. सगळ्या एकदम सरळ झालो. आभाळ रिकामं. चालायला लागलो, तर चरात पाणी घोट्याला लागलं.

तेव्हापासून दर सुकतीला हे होतं. आवाज येतो तो खाडीच्या मुखाजवळ उरलेल्या तिवरांच्या झुबक्यातून. मी जाऊन पाहिलं. एक पाखरू नाही, पीसही नाही. ओल्या चिखलात मात्र तीन बोटांच्या पावलांच्या ताज्या रांगा, झाडांपर्यंत गेलेल्या. परतणारी एकही नाही. हौसाला सांगितलं, तर ती म्हणाली, "इचारू नुको बाय. ऐकायचां नि उठायचां."

काल तुझा मुकादम येऊन गेला. सोमवारी तो झुबका तोडायचा आहे म्हणाला. म्हणून हे पत्र. बायकांच्या कानात वारा शिरलाय म्हणून तू हसशील. बांधाचं टोक नेमकं तिथेच टेकायचं आहे, हेही मला ठाऊक आहे. पण मी शिकवते त्या वर्गातल्या तीन मुली आता आयांबरोबर चिखलात उतरतात. त्यांनी मला विचारलं, पाखरं बसलीत का, तर मी काय सांगू? तू नाहीच म्हणणार, लवू. तरी मागते: बांध थोडा वळवून घे, आणि तेवढी झाडं ठेव.

तुझीच,
मालनअक्का