फिरता देह आणि दोन बटणं

सोमवार, ६ मे, सकाळी ९.१०
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या माणसांच्या रोजनिशा पुढे लोकांना उपयोगी पडतात.

बॉसने मीटिंग घेतली. हॉस्पिटलच्या दारात टच स्क्रीनचं मशीन बसणार आहे. आलेल्या माणसाने स्क्रीनवर बोट लावून आपल्या विभागाचा नंबर घ्यायचा. ते मशीन कसं दिसेल, कसं वागेल हे आम्ही ठरवायचं. तीन आठवड्यांत दोन प्रोटोटाइप, म्हणजे दाबून बघता येतील असे नमुने. एक माझा, एक खिडकीवालीचा. दोन्हींची टेस्ट पाच-पाच पेशंटवर. निर्णय हॉस्पिटलच्या मेट्रनचा. ज्याचा नमुना पास, तो डिझाइनप्रमुख. काचेच्या केबिनसकट.

खिडकीवाली म्हणजे सहा महिन्यांपूर्वी लागलेली बाई. त्याआधी सतरा वर्षं एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागे बसायची. मग कसलासा कोर्स केला आणि झाली डिझायनर. मला या धंद्यात एकोणीस वर्षं झाली. ही स्पर्धा नाही, अपमान आहे. पण हरकत नाही. घोडामैदान जवळच आहे.

निश्चय: बुधवारपर्यंत पहिला स्क्रीन. कोणावर चिडायचं नाही. रोज अर्धा तास चालायचं.

दुपारी ३. केबिनची मापं घेतली. व्हाइटबोर्ड दाराच्या समोर बसेल.

मंगळवार, ७ मे
डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर, म्हणजे टूल, टाकून दिलं. त्यात हल्ली कोणीही उठतो आणि काम करतो. नवं घेतलं. जाहिरातीत लिहिलंय, कल्पनेपासून प्रोटोटाइपपर्यंत वीस मिनिटं. म्हणजे वेळच वेळ. आज फक्त इन्स्टॉल केलं आणि रंग डोळ्यांना बरे करून घेतले.

चिडलो एकदाच, कॉफी मशीनवर. चाललो नाही.

गुरुवार, ९ मे
पहिला स्क्रीन झाला नाही. त्याहून महत्त्वाचं काम झालं. बटणांची लायब्ररी लावली. एकशे बारा बटणं: साधं, दाबलेलं, दाबून सोडलेलं, बंद, बंद असूनही कोणीतरी दाबलेलं. प्रत्येकाला नाव दिलं. बॉस येऊन विचारून गेला, स्क्रीन कुठंय. म्हटलं, इमारतीचा पाया दिसत नसतो. तो म्हणाला, पाया राहू दे, दार दाखव. या माणसाच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढली.

खिडकीवाली दिवसभर जागेवर नव्हती. हॉस्पिटलच्या लॉबीत बाकड्यावर बसून होती म्हणे. लोक बघत होती. पगार घेऊन बाकड्यावर बसायचं, याला आता रिसर्च म्हणतात.

शुक्रवार, १० मे
सुचलं. अंघोळ करताना सुचलं.

फिरता मानवी देह. स्क्रीनवर एक माणूस हळूहळू फिरतोय. तुमचं जिथे दुखतं तिथे बोट लावा, विभाग आपोआप उघडेल. वाचायला नको, विचारायला नको. जगात कोणाला सुचलेलं नाही.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, ताप आला असेल तर बोट कुठे लावायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला. घरात कौतुक म्हणून कधी होत नाही.

रविवार, १२ मे
सासऱ्यांवर टेस्ट घेतली. चूक झाली.

सासरे आमच्याकडेच असतात. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याच हॉस्पिटलात, त्यामुळे तपासणीला जाणं-येणं चालूच असतं. यंत्र चांगलं चाललं की दोनदा थोपटायची त्यांना सवय आहे. फ्रिज थोपटतात, पंख्याचं बटण थोपटतात. लग्नाला चौदा वर्षं झाली, माझ्या कुठल्याही कामावर अजून हात फिरलेला नाही.

टॅबलेट दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि सरळ गुडघ्याला बोट लावलं. तेवढ्यात देह फिरला आणि बोट पोटरीला लागलं. पुन्हा लावलं, तर तो पाठ करून उभा. सासरे म्हणाले, जावईबापू, हा माझ्याशी बोलत नाहीये का.

मग चिडून त्यांनी कुठेही बोटं लावली. आमच्या टूलमध्ये रिकाम्या जागी बोट लागलं की दाबायच्या जागांभोवती निळ्या चौकटी चमकतात. नमुना दाखवणाऱ्याची सोय असते ती. त्यांनी विचारलं, या चौकटी हॉस्पिटलातही चमकणार का. मी म्हटलं, नाही. मग तिथे माणसाने काय करायचं, असा पुढचा प्रश्न. वर लिफ्टचं प्रवचन: दाराशी दोनच बटणं, वर आणि खाली, चाळीस वर्षांत कोणी कशी वापरायची म्हणून विचारायला आलं नाही.

टॅबलेट पालथा ठेवून दिला. थोपटला नाही.

निष्कर्ष: सासरे आमच्या युजर गटात बसत नाहीत. गुडघ्याचे पेशंट असले तरी.

मंगळवार, १४ मे
खिडकीवालीने ऑफिसात फ्रिजचं रिकामं खोकं आणलंय. कात्री, गोंद, मार्कर. खोक्याला समोरून खिडकी पाडली. खिडकीशिवाय हिचं काही चालतच नाही. त्यातून कागदाचे स्क्रीन सरकवणार म्हणे. कोणी कागदावरच्या बटणावर बोट ठेवलं की आत बसलेला माणूस तो कागद ओढून दुसरा लावणार. आतल्या माणसाला ती कॉम्प्युटर म्हणते. बालवाडी.

मी बॉसला लेखी मागणी केली: दोघांच्याही टेस्ट रेकॉर्ड व्हाव्यात. ही बाई पेशंटना हळूच सांगणार कुठे दाबायचं ते, सतरा वर्षांची सवय आहे. माझ्या टूलमध्ये सोय आहेच. बोललेलं सगळं आपोआप लिहून निघतं, कोण किती शब्द बोललं त्याच्या आकड्यासकट. बॉस म्हणाला, उत्तम कल्पना. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला.

आता सापडेल बरोबर.

शुक्रवार, १७ मे
टूलने आपणहून अपडेट घेतलं. देहाला डाव्या हाताला सहा बोटं आली. कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. सहावं बोट तसंच.

पहिला स्क्रीन अजून हवा तसा नाही, पण केबिनच्या पाटीचे नऊ नमुने तयार झाले. चौथा चांगला आहे. बोट जवळ नेलं की नाव किंचित उजळतं. पाटी पत्र्याची असणार हे नंतर लक्षात आलं.

चाललो नाही. चालणं सोमवारनंतर.

सोमवार, २० मे, सकाळी ७
आज माझी टेस्ट. बायकोने वाढदिवसाला दिलेले तपकिरी बूट काढले. गडबडीत डाव्याची लेस तुटली. तिने काळी ओवून दिली. एक तपकिरी, एक काळी. कोण बघतंय म्हणाली.

संध्याकाळी ६. जिंकलो. हॉस्पिटलच्या लॉबीत पाच पेशंट, पाचही जणांना नंबर मिळाला. शंभर टक्के. मी सूचना अशी दिली नाही. वातावरण हलकं राहावं म्हणून अधूनमधून बोललो, तेवढंच. प्लास्टर घातलेले एक गृहस्थ जरा मठ्ठ होते. दातदुखीवाल्या बाई देहाचं तोंड उघडायला बघत होत्या. तोंड उघडत नाही हे उघड आहे. माणसं नुसती बोटं घेऊन येतात, डोकं घरी ठेवून. गाढवाला गुळाची चव काय.

बॉसने विचारलं, कसं झालं. आकडा सांगितला.

घरीही सांगून टाकलं. प्रमुख झालो असं. शुक्रवारी मेट्रनचा निकाल लागला की होणारच आहे, चार दिवसांनी काय फरक पडतो. बायको हसली. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाले, बरं झालं. एवढंच, पण आवाज कमी केला.

बुधवार, २२ मे
खिडकीवालीची टेस्ट. कामानिमित्त तिकडेच होतो, खांबामागे. खोक्यात तिने अकाउंट्सवाल्याला बसवलं होतं. पहिल्या कागदावर दोनच बटणं: पहिल्यांदा आलो, पुन्हा आलो. बस. देह नाही, हालचाल नाही, रंगसुद्धा नाही. माणूस बटणावर बोट ठेवतो, कागद सरकतो. पुन्हा आलेल्याने हातातला डॉक्टरांचा कागद दाखवायचा, नंबर बाहेर. ती बाजूला हाताची घडी घालून उभी. एक आजोबा दीड मिनिट नुसते उभे होते. माझा जीव वरखाली होत होता. खांबामागून सांगणार होतो, पण शिस्त पाळली. ती बया ढिम्म. ते शेवटी वळले आणि निघून गेले. तिने थांबवलंही नाही. मागाहून मार्कर घेऊन अक्षर मोठं केलं.

म्हणजे पाचात चार. माझे पाचात पाच. गणित दुसरीतल्या पोराला कळतं.

शुक्रवार, २४ मे
लिहायला नको वाटतंय. पण लिहितो. शिस्त.

मेट्रन आल्या. सडसडीत बाई, छातीवर उलटं घड्याळ टाचलेलं. मी देह फिरवून दाखवला. त्यांनी सहावं बोट मोजलं. मग बॉस म्हणाला, यांच्याच आग्रहावरून रेकॉर्डिंग झालंय, ते बघू.

आकडे पडद्यावर आले. पाच पेशंट मिळून बोलले चौसष्ट शब्द. मी दोन हजार तीनशे अठरा.

बॉसने मधूनमधून वाचलं. बातम्या वाचतात त्या आवाजात. डावीकडे, तुमच्या डावीकडे, अहो तो तुमचा उजवा. थांबा, फिरू द्या त्याला. आता, आता दाबा, गेलं, थांबा पुन्हा येईल. दाबा म्हणजे टेकवा हो, ढोसू नका. मावशी, दात नाही, गाल, गालाला लावा, दात आत असतात. प्लास्टरवाल्या गृहस्थांच्या टेस्टमध्ये शेवटी माझं वाक्य आहे: द्या तुमचं बोट इकडे.

मी म्हटलं, ते उत्तेजन होतं. मेट्रननी शांतपणे विचारलं, हे सर मशीनबरोबर मिळणार आहेत का.

कोणी मोठ्याने हसलं नाही, हे मात्र नोंदवतो. खिडकीवाली टेबलाकडे बघत होती. तिचे पाच टेस्टमधले मिळून शब्द एकोणीस. त्यातले बरेचसे या आणि आभारी आहे. मी दोनदा सांगितलं की तिचे पाचात चारच. मेट्रन म्हणाल्या, तो पाचवा कुठे अडला ते तरी आम्हाला कळलं, तुमचे कुठे अडले ते तुमच्या बोलण्यात बुडालं.

बाहेर आल्यावर बॉस म्हणाला, हात दाखवून अवलक्षण. ऑफिसात म्हणी वापरायला बंदी हवी.

घरी काही बोललो नाही. सासऱ्यांनी विचारलं, केबिनला खिडकी आहे का. म्हटलं, काचेचीच आहे सगळी. खोटं नाही, काचेचीच आहे.

सोमवार, २७ मे
राजीनामा लिहिला. टूलमध्येच लिहिला, अक्षरांमधलं अंतर नीट बसेना म्हणून राहिला.

खिडकीवाली प्रमुख झाली, पण केबिनमध्ये बसत नाही. तिथे खोकं ठेवलंय. माझ्या व्हाइटबोर्डच्या जागी.

दुपारी तिने बोलावलं. सर म्हणाली. अजूनही सर म्हणते, मला त्याचा जास्त राग येतो. पुढच्या फेरीत चाळीस पेशंट आहेत, अकाउंट्सवाल्याला वेळ नाही, कॉम्प्युटर म्हणून तुम्ही बसाल का, असं विचारलं. मी म्हटलं, एकोणीस वर्षं. ती म्हणाली, माहीत आहे सर, म्हणूनच, तुमचा हात पटकन चालतो. फक्त एक नियम आहे. कॉम्प्युटरने बोलायचं नाही. माणूस चुकला तरी नाही. रडला तरी नाही. खिडकीमागे मला हे शिकायला सात वर्षं लागली, म्हणाली.

नाही म्हणणार होतो. बॉस दारात उभा होता.

बुधवार, २९ मे
आज मी कॉम्प्युटर होतो.

हॉस्पिटलच्या लॉबीत खोकं, खोक्यात स्टूल. पाठीमागे भिंत. समोर कागद आणि कागदापलीकडे लोकांची पोटं. हवा यावी म्हणून तिने खालून वीतभर पुठ्ठा कापलाय. मांडीवर एकतीस स्क्रीन, क्रमाने लावलेले. पहिल्या बाईंनी चुकीच्या जागी बोट ठेवलं. तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. तिने स्वतःच दुसरीकडे ठेवलं. कागद ओढला, दुसरा लावला. अकरापर्यंत बरोबर तेरा जण झाले. एकाने खोक्याला लाथ मारली, मशीन हळू आहे म्हणून. मूग गिळून बसलो.

सव्वाअकराला काठीचा आवाज आला. पोट ओळखीचं. स्वेटरचं तिसरं बटण वेगळं आहे. शेजारी बायकोची पर्स.

सासरे. गुडघा दाखवायला बुधवार असतो हे मी विसरलो होतो.

त्यांनी वाचलं. पुन्हा आलो, यावर बोट ठेवलं. मी कागद बदलला. त्यांनी डॉक्टरांचा कागद खिडकीशी धरला. मी हाडांच्या विभागाची चिठ्ठी बाहेर सरकवली. नंबर चौदा. सगळं मिळून वीस सेकंदसुद्धा नाहीत.

ते तिथेच उभे राहिले. बायकोला म्हणाले, बघ, दोनच बटणं. जावईबापू प्रमुख झाले आणि फरक पडला हो. मला वाटायचं, नुसती बडबड आहे. मनातून बोलत होते. तसं ते कधी बोलत नाहीत, निदान माझ्यासमोर नाही.

मग खोक्यावर दोनदा हात पडला. थोपटला. माझ्या कानाशीच.

मी बोललो नाही.

बायकोची पर्स हलेना. मी खाली बघितलं. पुठ्ठ्याच्या खालून माझे दोन्ही बूट बाहेर आले होते, तपकिरी, डाव्याला काळी लेस. मी पाय आत ओढून घेतले. मग ती म्हणाली, चला बाबा, नंबर लागेल. काठीचा आवाज लांब गेला. पुढचा माणूस आला. कागद ओढला, कागद लावला.

संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनी मशीनची सगळी हकीकत मला सांगितली. मी हं हं केलं. ते झोपायला गेल्यावर बायकोने ताटं उचलली आणि जाता जाता म्हणाली, परवा बाबांना एक्स-रेसाठी पुन्हा बोलावलंय. त्या दिवशी दुसरे बूट घाल.